स्विचपाशी उभा राहणारा

इंदूर,
रविवार, ३ मे १९९८

चि. संघदीप,

तुला, मानसीला आणि आमच्या धम्मदीनाला मावशीचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक. ऊन असं तापलंय की दुपारी गल्लीतलं कुत्रंसुद्धा नळाच्या ओल्या चबुतऱ्यावरून उठायला तयार नाही.

तुझं पत्र मंगळवारी आलं. आधी मनात वाचलं, मग तुझ्या काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. काकांचं अक्षरांशी कधी जमलं नाही, आणि मी शिकले ती तुझ्याच शाळेच्या पुस्तकांवर, त्यामुळे माझं शुद्धलेखन तू तिसरी पास झालास तिथेच थांबलंय. चुका पदरात घे.

तर तुमची मोठी विमानं आता निवृत्त होणार, कंपनी ती विकून टाकणार म्हणे. काका म्हणाले, "पुन्हा वाच. काय विकणार?" त्यांचा विश्वासच बसेना. तू आम्हाला विमानतळाच्या तारेबाहेरून ते दोन मजली धूड दाखवलं होतंस ना, तेव्हा मी म्हटलं होतं की ही तर अख्खी गिरणीच चाकांवर उभी केलीय. आता तू लिहितोस की ते तेल फार पितं, एवढ्या खुर्च्या भरत नाहीत, आणि नव्या विमानांना दोन इंजिनं पुरतात. दोन इंजिनांवर समुद्र ओलांडायचा! पुढे इंदूरसारख्या गावातूनही थेट परदेशी विमान जाईल असंही लिहिलंस. जाईल बाबा. इथे गिरण्यांचे भोंगे बंद झाले आणि तिकडे पिथमपुरात मोटारींचे कारखाने उघडलेच की. फक्त भोंग्यावर उठणारी माणसं तिकडे कुणी बोलावली नाहीत. हत्ती दारात झुलतो तोवर शोभा, चारा घालायची वेळ आली की राजासुद्धा तोंड फिरवतो.

पण नव्या विमानात पुढे दोघंच बसणार, तिसऱ्याची खुर्चीच नाही, हे वाचलं तिथे माझं बोट थांबलं. तिसरा म्हणजे तूच ना? पायलटांच्या मागे बसून इंजिनांची सगळी घड्याळं बघणारा. वायुदलात पाने-स्क्रू घासत घासत तू त्या खुर्चीपर्यंत पोचलास, आणि आता ते काम कॉम्प्युटर करणार.

तू दोन वाटा लिहिल्यास. एक, कंपनी तुला हँगरमध्ये जमिनीवरचं काम देतेय, पगार कमी आणि वर कालच्या पोरांचा हुकूम. दुसरी, शारजाच्या ज्या मालवाहू कंपनीने तुमची दोन जुनी विमानं घेतली, ती विमानांबरोबर तुलाही मागतेय. महिनाअखेर सांगायचं आहे. आणि सगळ्यात खाली लिहिलंस, "गिरणी बुडाली तेव्हा काका नाही का गेले मागांबरोबर मानपुरला? त्या वयात गेले, आणि मजेत आहेत. मग मी कशाला भ्यायचं?"

हौ. गेले खरे.

यंदा जयंतीला महूला पाय ठेवायला जागा नव्हती. काकांनी ढोलक वाजवला नाही. मंडळाची पोरं बोलवायला आली, तर म्हणाले, आता तुम्ही वाजवा, आम्ही किती वर्षं बडवायचा. पोरं म्हणाली, "काकाजी, तुमच्या थापेशिवाय मजा नाही." पण नाहीच उठले. मला अजून शेवेच्या पाकिटांचं काम मिळतं. मेणबत्तीवर पट्टी तापवून पाकिटाचं तोंड चिकटवायचं, दिवसभर तेच. पंखा लावता येत नाही, ज्योत विझते. काका सध्या घरीच असतात. मानपुरच्या शेडला सुट्टी आहे. जरा लांबची सुट्टी आहे. एवढ्या उन्हातही खांद्यावरचा गमछा काढत नाहीत, मी म्हणते घामोळं येईल, तर ऐकत नाहीत.

काका सांगतात ते आता जसंच्या तसं लिहिते: "बेटा, ज्या यंत्राची नस आपल्याला कळते त्याला परक्याच्या हाती सोडू नये. मागाला जसा आपला हात कळतो तसं विमानालाही कळत असेल. हँगरमध्ये पोरांच्या हाताखाली पाने पुसण्यापेक्षा विमानाबरोबर जा. मीही गेलो. गोपीनाथ."

नेहमी ते खाली स्वतः वेडीवाकडी सही करतात. या वेळी रिफिल संपत आली म्हणून राहिली.

माझं एक विचारणं आहे. तिकडे विमान बिघडलं तर कोण कोण असतं? आणि मानसी काय म्हणते ते तू एका ओळीने लिहिलं नाहीस.

तुझी,
चंपामावशी

*

इंदूर,
बुधवार, १३ मे १९९८

चि. संघदीप,

जयभीम. परवा बुद्धपौर्णिमेला विहारात खीर होती, तुझ्या आठवणीने गोड लागली नाही. तुझं उत्तर काल मिळालं.

काकांच्या शब्दांनी तुला बळ आलं असं लिहिलंस. सोमवारी, २५ तारखेला, त्या कंपनीचा माणूस मुंबईला येतोय आणि तू सही करणार. एवढं मी काकांना वाचून दाखवलं. त्यांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उजळला. "बघ," म्हणाले, "आपल्या पोराला कळतं."

पुढचं मी त्यांना वाचलं नाही. तू लिहिलंस की तिकडे मेकॅनिक दोनच आहेत, सुटे भाग विमानाच्या पोटातच घेऊन फिरतात, आणि एक विमान मोडून दुसऱ्याला भाग लावतात. जिथे बाकी कुणाची विमानं उतरत नाहीत त्या धावपट्ट्यांवर यांची उतरतात. हे तू मोठ्या ऐटीत लिहिलंस. मी ते पाकिटं चिकटवता चिकटवता तीनदा वाचलं. एका पाकिटाचं तोंड जळून गेलं.

मानसीबद्दल लिहिलंस, "ती मानेल." म्हणजे मानलेलं नाही.

संघदीप, सही करू नकोस. कारण मला आत्ता लिहिता येत नाही, पण माझं ऐक. तुझ्या आईच्या माघारी मी तुला कधी कशाची आण घातली नाही, आज घालते. फोनवर हे बोलता येत नाही. जयसिंगरावांच्या पीसीओवर काचेच्या आत आपण बोलतो आणि बाहेरच्या बाकड्यावर मोहल्ला ऐकतो, आणि काका तर माझ्याबरोबर असतातच.

तू काकांची सही का नाही म्हणून विचारलंस. रिफिल

थांबते, काका उठले.

पुन्हा बसले आहे. आत्ता काय झालं ते ऐक. काका येऊन खाटेवर बसले. म्हणाले, "केव्हाची लिहितेस. काय लिहिलंस एवढं? वाच."

मी कागद समोर धरला आणि वाचलं, "इकडे सर्व ठीक आहे. आंबे महागले. सराफ्यात गर्दी वाढली. धम्मदीनाला पापा."

"एवढंच?"

"एवढंच."

"पेन तर इतका वेळ चालत होतं."

"मी हळू लिहिते. तुम्हाला माहीत आहे."

ते माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिले. भरलेला कागद आणि चार वाक्यं, न वाचता येणाऱ्यालाही एवढं कळतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्यांच्यासमोर खोटं वाचायची ही पहिली वेळ. हे पत्र मी आत्ता बाजाराच्या निमित्ताने जाऊन स्वतः पेटीत टाकते.

सही करू नकोस.

मावशी

*

इंदूर,
शुक्रवार, २२ मे १९९८

चि. संघदीप,

जयभीम. आज कुशल विचारत नाही, सांगत पण नाही. सरळ सुरुवात करते.

मंगळवारी तू पीसीओवर फोन केलास. जयसिंगराव स्वतः बोलवायला आले, "चला मावशी, बंबईवाले भिया लाइनवर आहेत." काका चप्पल घालून माझ्या आधी निघाले. तू विचारलंस, "मावशी, आण घालतेस आणि कारण सांगत नाहीस, हे काय?" माझ्या बाजूला काका उभे, काचेबाहेर तिघं उभे. मी म्हटलं, "तिकडे ऊन फार असतं." तू हसलास. म्हणालास, "ऊन आहे म्हणून नोकरी सोडू?" तेवढ्यात मागून मानसीचा आवाज आला, "मावशी, त्यांना सांगा ना!" आणि तू फोनवर हात ठेवलास. मला ते कळलं.

मग काकांनी माझ्या हातातून फोन घेतला. डाव्या हाताने घेतला. "अरे मर्दा, बायकांचं काय ऐकतोस? सोमवारी ठोक सही," असं म्हणाले आणि ठेवून दिला.

घरी आलो. दार लावलं आणि मी म्हटलं, "तुम्ही त्याला मारायला पाठवताय."

"मी त्याला कामाला पाठवतोय."

"तुमच्यासारखं?"

ते भिंतीकडे तोंड करून झोपले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी काल दुपारी हे पत्र लिहायला घेतलं, त्यांच्या समोर बसून. जे तुझ्यापासून झाकलं ते आता लिहिते.

संघदीप, काकांच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच राहिलंय. मधली तिन्ही बोटं गेली. संक्रांतीनंतर गेली. म्हणून ढोलक नाही, म्हणून सही नाही, म्हणून उन्हाळ्यात गमछा. शेडला सुट्टी नाही. शेडच नाही. सेठने माग भंगारात काढले आणि तिथे आता ट्रकांचे टायर विकतो.

तू म्हणशील, तेव्हाच का कळवलं नाही. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "संघदीपला लिहू नकोस." तू त्यांना फार मानतोस, आणि तू कीव केलेली त्यांना सोसणार नाही. मला वाटलं, नवऱ्याचा एवढा मान राखावा. प्रत्येक पत्रात "काका मजेत" लिहीत गेले. ते तुझ्या मनात असं रुजेल आणि तू त्याच्यावर पाय देऊन शारजाला निघशील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

आता कसं झालं ते ऐक, कारण तुझ्या कामाचं तेच आहे.

गिरणीत एक रीत होती. चालत्या खात्यात कुणीही मागात हात घालायचा तर एकट्याने घालायचा नाही. एकजण हात घालणार, दुसरा स्विचपाशी उभा राहणार. नुसता उभा, दुसरं काही करायचं नाही, डोळे पहिल्याच्या हातावर. हात बाहेर आला, त्याने "हं" म्हटलं, की मगच हा स्विच सोडणार. काकांच्या स्विचपाशी नेहमी तुझे बाबा, आमचे बाबूरावदाजी, असायचे. दोघे साडू म्हणून मिळाले नव्हते, आधी तिथेच मिळाले होते. एकदा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, बोलणं बंद. तरी काकांनी हात घातला की बाबूरावदाजी मुकाट येऊन स्विचपाशी उभे. काम झालं की तोंड फिरवून परत. आम्ही बायका सूत गुंडाळायच्या रीलिंग खात्यातून बघून हसायचो. पण त्यामुळेच एवढ्या वर्षांत काकांच्या नखालाही इजा झाली नाही.

मानपुरच्या सेठने लिलावात माग घेतले तेव्हा मागांबरोबर काकांना मागितलं. "गोपीनाथजी, तुमच्याशिवाय ही मशिनं चालायची नाहीत," असं म्हणाला. काका हुरळले. माझ्या हातची पुरणपोळी खाऊन गेले, जसं कुणी पोरीला सासरी सोडायला जातं. तिथे जाऊन बघतात तो मागांच्या संरक्षक जाळ्या आधीच लोखंडाच्या भावात विकलेल्या. सुटे भाग नाहीत, म्हणून एक माग मोडायचा आणि दुसऱ्याला लावायचा. फिटर एकटे काका. मदतीला कुणी मागितला तर सेठ म्हणायचा, "दो-दो आदमी को क्या बिठाके खिलाऊं?" बत्ती दिवसातून कितीदा जायची. सेठची ताकीद होती की बत्ती गेली तरी स्विच पाडायचे नाहीत, आली की माग आपोआप चालू झाले पाहिजेत, नाहीतर वेळ वाया जातो.

त्या दिवशी बत्ती गेलेली होती. एका मागात दांडी अडकली होती. काकांनी हात आत घातला. स्विच शेडच्या पार दाराशी. तो बंद करायला ते विसरले, आणि बत्ती आली.

एका ट्रकवाल्याने त्यांना महूच्या दवाखान्यात आणून टाकलं. सेठ बघायला आला नाही.

मला विमानातलं काही कळत नाही. मला एवढंच कळतं की गिरणीने माग विकले तेव्हा ती रीत विकली नाही, ती विकताच येत नाही. स्टोअर विकलं नाही, बाबूरावदाजी विकले नाहीत. मानपुरला गेला तो नुसता माग. तुझं ते मोठं विमान आज ज्यामुळे आकाशात राहतं ते सगळं मुंबईच्या हँगरात आहे, शेकडो माणसांच्या हातांत आहे. शारजाला जाणार ते नुसतं विमान आणि तू. तू स्वतः लिहिलंस, मेकॅनिक दोन, एक मोडून दुसऱ्याला लावायचं. मी हे सगळं आधी ऐकलेलं आहे, शब्द न् शब्द.

आणि हँगरमधल्या कामाला तू कमीपणा म्हणतोस. पोरं वरचढ असतील, असू देत. तिकडे तुझ्यामागे कुणी उभा आहे, आणि तू कुणाच्या तरी मागे उभा राहशील. एवढं असलं की माणूस संध्याकाळी दोन हातांनिशी घरी येतो. धम्मदीनाला बाप लागतो रे, फोटोतल्या विमानाशी ती काय बोलणार?

काल एवढं लिहून झालं आणि काका म्हणाले, "वाच."

दोन दिवसांनी पहिला शब्द. मी म्हटलं, "आंबे महागले."

"चंपा. वाच."

मग मी वाचलं. या वेळी सगळं वाचलं, जसं लिहिलंय तसं. बोटांचं वाचताना मी थांबले, तर ते म्हणाले, "पाणी पी आणि पुढे वाच." ट्रकवाल्यापर्यंत पोचले तेव्हा त्यांनी हात वर केला. तोच हात, गमछ्याबाहेर काढून.

"मागे जा. विसरले म्हणून लिहिलंस ते खोड."

"मग काय लिहू?"

"मी विसरलो नव्हतो. एवढी वर्षं मागात घालवली, मी स्विच विसरेन? मला तो चालू आहे हे माहीत होतं. मी हात घातला आणि मान वळवून दाराकडे बघितलं, बाबूराव उभा आहे का." मग म्हणाले, "सवय. तो जाऊन किती वर्षं झाली, आणि मी बघितलं. तेवढ्यात बत्ती आली."

हे त्यांनी मलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. ते वाक्य मी खोडलेलं नाही, तू दोन्ही वाच.

मग मी विचारलं, "तरी त्या पोराला जा म्हणून का सांगत होतात?" म्हणाले, "तो तिकडे जाऊन नावारूपाला आला असता तर मला वाटलं असतं, माझं जाणं चुकलं नव्हतं. सेठ वाईट निघाला, एवढंच." आणि मग तुझ्या काकांनी, ज्यांना मी दवाखान्यातही रडताना पाहिलं नाही, तोंडावर गमछा घेतला.

आज सकाळी उठून दाढी केली, डाव्या हाताने, दोन जागी कापून घेतलं. म्हणाले, "पोस्टाने हे सोमवारच्या आत पोचणार नाही." जयसिंगरावांच्या मुलाला पाठवून आजच्या अवंतिका एक्सप्रेसचं तिकीट काढलं. पेटीतून अर्ध्या बाह्यांचा सदरा काढायला लावला. गमछा खुंटीवर ठेवलाय. मी म्हटलं, "गाडीत लोक बघतील." तर म्हणाले, "बघू दे. गाडीत सवय होईल."

म्हणजे हे पत्र तुला तेच देतील. उद्या सकाळी मुंबई सेंट्रलला घ्यायला ये, एवढाच निरोप मी आज पीसीओवरून देते. हे वाचशील तोवर तू वाकून पाया पडला असशील आणि त्यांनी पाठीवर हात ठेवला असेल, दचकला नसलास म्हणजे झालं.

मी त्यांना विचारलं, "तिथे जाऊन त्याला काय सांगणार? नको जाऊ म्हणणार?" म्हणाले, "मी काही सांगणार नाही. अगोदरच खूप सांगून बसलोय. मी त्याच्यासमोर बसून जेवेन, बस."

तेव्हा मानसीला सांग, त्यांच्या ताटात चमचा ठेवू नकोस म्हणावं. वरण-भात वाढ, आणि तूही समोर बस. त्यांना वेळ लागतो. शितं सांडतात. मदत करायला हात पुढे करू नकोस, त्यांचं पूर्ण होईपर्यंत उठूही नकोस. सोमवारी जे करायचं ते त्यानंतर ठरव. मग तू शारजाला गेलास तरी मी तुला अडवणार नाही, माझी आण मी परत घेते.

परतीचं तिकीट त्यांनी काढू दिलेलं नाही, तुझं ठरेपर्यंत तिथेच थांबणार म्हणतात.

तुझी,
चंपामावशी